सरासरीआड दडलेला पट

नाशिक

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आपल्या जिल्ह्यातल्या शाळांमधल्या मुलांच्या आणि शिक्षकांच्या संख्येचा तुझा तक्ता बघितला. सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांत शिक्षकामागे मुलं कमी, म्हणून तिथे वर्ग लहान आणि शिकवणं सोपं, हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

शिक्षकामागे मुलं किती हा एक आकडा, वर्गात मुलं किती हा दुसरा. पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचा पट 20 असेल, तर शिक्षकामागे 10 मुलं येतात. पण प्रत्येकाकडे दोन-दोन इयत्ता. पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन तिसरीची वजाबाकी घ्यावी, तोवर पहिलीतलं कुणीतरी पाटी घेऊन समोर उभं! एक शिक्षक बैठकीला गेला की चारही इयत्ता एकाच खोलीत.

सरासरीची गंमतही बघ. हिशोबापुरतं धर, अशा दहा शाळा आणि शहरातली एक, 400 मुलं, 8 शिक्षक. एकूण 600 मुलं, 28 शिक्षक, म्हणजे शिक्षकामागे 21. वाचायला झकास. पण त्यातली 400 मुलं शिक्षकामागे 50 असलेल्या शाळेत आहेत. प्रत्येक मुलापुढे त्याच्या शाळेचा आकडा लिहून सरासरी काढ, 21 चे जवळपास 37 होतात. पालकाला कळणारा आकडा तो.

शिक्षण हक्क कायदा, 2009 चं परिशिष्ट शेजारी ठेव. पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे किमान एक. राज्याचे संच मान्यतेचे, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर ते ठरवण्याचे, निकष बदलत असतात, त्यामुळे त्या-त्या वर्षाचा शासन निर्णय वाचल्याशिवाय 'पद कमी आहे' असं लिहू नकोस. जिथे एका मुलाने पद वाढतं किंवा जातं, त्या उंबरठ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या शाळा वेगळ्या काढ. माझ्या मते तुझ्या अभ्यासात सगळ्यात कस तिथे आहे.

आता वर्गातल्या मदतनिसांचं. 'शिक्षकेतर' कर्मचारी म्हणजे लिपिक, शिपाई, प्रयोगशाळेतला माणूस. ते वर्गात शिकवायला हात देत नाहीत. शिवाय 2020 मध्ये अनुदानित शाळांतल्या शिपाई पदांऐवजी भत्ता आला, त्यामुळे त्यानंतर संख्या घटलेली दिसली तर दचकू नकोस. दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्राकडून (तालुक्याच्या पातळीवरचं शिक्षण खात्याचं केंद्र) अनेक शाळा फिरतात, अंगणवाडीची मदतनीस महिला व बालविकास खात्याकडे. शाळेच्या ओळीत शून्य दिसलं तरी कुणीच येत नाही असं नव्हे. आणि रडणाऱ्या पहिलीतल्या पोराला कडेवर घेणारी खिचडीची मावशी तर वर्गमदतीच्या कुठल्याच रकान्यात नाही.

शाळांची जुळणी नावावरून करू नकोस, 'जि. प. प्राथमिक शाळा' दहा तऱ्हांनी लिहिलेली सापडते. युडायस, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतल्या, क्रमांकाने कर. अकरा आकडी असतो, 27 महाराष्ट्राचे, पुढचे 20 आपल्या जिल्ह्याचे.

एक राहिलं. युडायसमधला पट वर्षातल्या एका ठरलेल्या तारखेचा. द्राक्षाची कामं सुरू झाली की पेठ-सुरगाण्यातली कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे उतरतात, बरोबर मुलंही. तेव्हा जानेवारीत दोन्हीकडच्या एकेका शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना विचारून हजेरीपट बघ. जाताना मुक्कामाची सोय आधी कर, सुरगाण्याहून संध्याकाळची एसटी भरवशाची नाही.

तुझा,
सर