गहाणाची मुदत संपली, पैसे आले नाहीत. घर आता आमच्या नावावर करून विकता येईल का? (इंदूर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रामबागेतल्या एका घराच्या रजिस्टर्ड गहाणावर वडिलांनी जून 2017 मध्ये 10 लाख रुपये दरसाल 12 टक्के सरळव्याजाने दिले. फेडीची मुदत जून 2022. दस्तात लिहिलंय की मुदतीत रक्कम न फेडल्यास घर गहाण घेणाऱ्याच्या मालकीचं होईल. पुढे मालकाने व्याजापोटी तळमजला तुमच्या ताब्यात दिला आणि तिथल्या भाडेकरूचं महिना 9,000 रुपये भाडं तुम्ही घेता. आता नगर निगमात नामांतरण करून घर विकता येईल का, आणि गळकी गच्ची कोणी दुरुस्त करायची?

विकता येणार नाही. ज्या वाक्यावर तुमची भिस्त आहे ते कोर्टात टिकत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 60 नुसार पैसे भरून घर सोडवून घेण्याचा हक्क मालकाकडे राहतो आणि गहाणखतातच अट घालून तो काढून घेता येत नाही. मालकाने स्वखुशीने सही केली असली तरी फरक पडत नाही. पैशाची निकड असलेला माणूस कशावरही सही करतो, हे ओळखूनच कायदा तसा आहे. नामांतरणाने मालकी मिळत नाही, ती फक्त कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद. उलट तसा अर्ज केलात तर पुढे मालकाचा वकील तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवील.

बँक 60 दिवसांची नोटीस देऊन घराला कुलूप लावते, मग आम्ही का नाही, असंही तुम्ही विचारलंय. बँकेला तो अधिकार 2002 च्या सरफेसी कायद्याने मिळाला आहे. खासगी व्यक्तीला तो लागू नाही. शिवाय कोर्टाविना विक्रीचा अधिकार तुमच्या दस्तात दिलेलाही नाही. वरच्या मजल्याला कुलूप घालणं, वीज तोडणं, सामान बाहेर काढणं यातलं काहीही करू नका. त्यातून फौजदारी तक्रार होते आणि वसुली बाजूलाच राहते.

तुमचा खरा हक्क कलम 67 चा आहे: कोर्टामार्फत घर विकून पैसे वसूल करणं. त्यासाठी जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा लावावा लागतो. त्याआधी नोंदणी कार्यालयात त्या घरावरच्या नंतरच्या नोंदी तपासून घ्या. दुसरं गहाण किंवा विक्री झाली असेल तर त्या सगळ्यांना पक्षकार करावं लागतं. एखादा सुटला तर मिळालेला हुकूम त्याच्यावर बांधील राहत नाही आणि भांडण पुन्हा सुरू होतं. कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा देतं, म्हणजे येणं किती ते ठरवतं आणि फेडीसाठी साधारण 6 महिन्यांपर्यंत मुदत देतं. तरी पैसे आले नाहीत तर अंतिम हुकूमनामा आणि मग लिलाव. लिलाव झाल्यावरही तो कायम होईपर्यंत मालक सगळी रक्कम, आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के जास्त, भरून घर वाचवू शकतो. तुम्हाला स्वतः बोली लावायची असेल तर कोर्टाची परवानगी लागते आणि घर एकत्रच विकलं जात असेल तर राखीव किंमत तुमच्या येण्यापेक्षा कमी ठरत नाही. म्हणजे दहाच्या येण्यात पाचाला घर घ्यायची वाट तिथेही बंद.

मुदतीकडे मात्र नीट बघा. घर विकून वसुली करण्यासाठी पैसे देय झाल्यापासून 12 वर्षं, म्हणजे जून 2034 पर्यंत. पण घराची किंमत कमी पडली तर उरलेली रक्कम मालकाच्या इतर मालमत्तेतून मागण्याची मुदत 3 वर्षांचीच होती, ती एरवी जून 2025 ला संपली असं धरायचं. त्या 3 वर्षांत मालकाने सही करून येणं कबूल केल्याचं पत्र दिलं असेल तर मुदत पत्राच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. घरातले जुने कागद शोधा.

आता ताब्याचं बोलतो, कारण तुमचं नुकसान होईल तर इथेच होईल. मालमत्तेचा ताबा घेतला की गहाण घेणारा कलम 76 च्या जबाबदाऱ्यांत येतो. घर शहाण्या माणसासारखं सांभाळायचं, भाडं वसूल करायचं, आलेल्या पैशातून संपत्तिकर भरायचा, घराची कायमची हानी होईल असं काही करायचं नाही आणि पै-पैचा हिशेब ठेवायचा. मालकाने मागितला तर त्याच्या खर्चाने हिशेबाची आणि पावत्यांची नक्कल द्यायची. भाडं आधी व्याजात आणि उरलं तर मुद्दलात वळतं करायचं. तुमच्या आकड्यांत ते असं दिसतं: वर्षाचं व्याज 1,20,000, भाडं 1,08,000, संपत्तिकर आणि जलकर तुम्ही सांगता तसे 8,000. म्हणजे व्याजात 1,00,000 जमा आणि 20,000 बाकी. हे दरवर्षी वेगळ्या पानावर लिहा, पावती नंबरासकट. हिशेब नसेल तर कोर्ट तुमच्याविरुद्ध अंदाज धरू शकतं, आणि तुमच्या हलगर्जीने भाडं बुडालं असेल तर तेही तुमच्या नावे टाकलं जातं. "भाडं पूर्ण व्याजाच्या बदल्यात" असा करार असेल तर हा हिशेब बराचसा लागत नाही, पण मग वरचे 20,000 मागता येणार नाहीत. तुमचा करार तोंडी आहे, म्हणून नेमकं काय ठरलं होतं यावरच वाद होईल. आजच दोघांच्या सहीने लिहून घ्या.

गच्चीची दुरुस्ती करण्याचं बंधन कर आणि व्याज वजा जाऊन भाड्यातून काही उरलं तरच असतं. तुमच्याकडे उरत नाही, म्हणून बंधन नाही. पण पाणी मुरून स्लॅब खराब होत असेल तर तारण तुमचंच कमी होतंय. अशा वेळी कलम 72 खाली खर्च करून तो मुद्दलात मिळवता येतो, मात्र आधी मालकाला नोटीस द्यावी लागते आणि त्याने वेळेत काही केलं नाही असं दिसावं लागतं. फोटो, मिस्त्रीचा लेखी अंदाज, रजिस्टर्ड पोस्टाची पावती, 15 दिवसांची वाट, मग काम. नोटीस न देता केलेला खर्च बहुधा तुमच्याच खिशातून जातो. वॉटरप्रूफिंग करा, वर नवी खोली बांधू नका.

मालक उद्या पूर्ण रक्कम घेऊन आला तर घ्यावीच लागेल. टाळाटाळ केलीत तर तो कलम 83 खाली पैसे कोर्टात भरतो आणि व्याज थांबतं. पैसे मिळाले की मूळ कागद, तळमजल्याचा ताबा आणि गहाण फिटल्याचा रजिस्टर्ड दस्त हे तिन्ही त्याला द्यायचे. दस्ताचा खर्च त्याचा. मधल्या काळात वाजवी वेळी त्याला कागद बघू देणंही तुमच्यावर बंधनकारक आहे.

दोघांनाही कोर्टाची वाट नको असेल तर एक सरळ मार्ग आहे. गहाण झाल्यानंतर मालकाने वेगळ्या, नव्या व्यवहाराने घर तुम्हाला विकायला कायद्याची हरकत नाही. किंमत बाजारभावाची हवी आणि कलेक्टर गाइडलाइनवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरावर, नजर ठेवा. येणं त्या किमतीतून वजा करा, उरलेले पैसे बँकेतून द्या आणि हा सगळा हिशेब विक्रीपत्रातच लिहा. वडील इतरांनाही नेहमी व्याजाने पैसे देत असतील तर त्यांची साहूकारीची नोंदणी आहे का, हे दावा किंवा विक्रीपत्र काहीही करण्याआधी वकिलाला विचारून घ्या.