रियुनियनला जाताय ना, मग सगळे मुक्काम बीचवर नका ठेवू

तुमचा प्लॅन वाचला. मॉरिशस उरकलं की पुढे सहा रात्री रियुनियन या शेजारच्या फ्रेंच बेटावर, सगळ्याच्या सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर सँ-जिलच्या एकाच हॉटेलात, सकाळी बीच, दुपारी जेवून ज्वालामुखी, आणि बाकीचं जमेल तसं. बरोबर दहा-बारा वर्षांची मुलं. स्पष्टच सांगतो, ज्वालामुखी दुपारी ठेवलात तर बहुतेक धुकं बघून परत याल.

तिथे सगळा खेळ ढगांचा आहे. रात्री डोंगर थंड पडतात आणि पहाटे आकाश एकदम लख्ख असतं, मग ऊन चढलं की उतार तापतात, समुद्रावरची दमट हवा डोंगर चढायला लागते आणि साधारण नऊ-दहाच्या सुमारास ढग दऱ्यांमध्ये भरायला सुरुवात होते. अकरा वाजता व्ह्यूपॉइंटवर पोचलेल्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे असतात, समोर नुसती पांढरी भिंत. त्यामुळे सकाळ डोंगराची आणि दुपार समुद्राची, म्हणजे तुमच्या प्लॅनच्या बरोबर उलटं. आणि सकाळ डोंगरात हवी असेल तर आदल्या रात्री झोपायलाही डोंगरातच पाहिजे, कारण सँ-जिलहून ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत दोन तास सहज लागतात आणि मुलांना पहाटे चारला उठवून घाटात गाडी घालणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

तर सहापैकी दोन रात्री बूर-मुराच्या आसपास घ्या, दोन आतल्या डोंगरदऱ्यांत म्हणजे सालाझी नाहीतर सिलाओसला, आणि शेवटच्या दोन खुशाल बीचवर.

बूर-मुरा हे ज्वालामुखीच्या वाटेवरचं पठारावरचं गाव. ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारी वेधशाळा इथेच आहे आणि एक चांगलं म्युझियमही आहे, ते पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा. इथून वर जाणारा रस्ता हीच मुळात बघायची गोष्ट आहे, आधी हिरवी कुरणं आणि गाई, मग झुडपं खुजी होत जातात, आणि एका वळणावर खाली प्लेन दे साब्ल पसरलेलं दिसतं, लालसर-तपकिरी राखेचं सपाट मैदान, झाड म्हणून नाही. गाडी थांबवाल, सगळेच थांबवतात. त्याच्या पलीकडे पा द बेलकोंब, 2311 मीटरवर, तिथे गाडीरस्ता संपतो आणि समोर आंक्लो (म्हणजे कुंपण) नावाचा तो कड्यांनी वेढलेला प्रचंड खोलगट भाग आणि मधोमध पितों द ला फुर्नेझ, 2632 मीटर. जगातल्या सगळ्यात जास्त जागत्या ज्वालामुख्यांपैकी हा एक, पण लाव्हा बहुतेक वेळा या कुंपणाच्या आतच वाहतो म्हणून लोक शांतपणे बघू शकतात.

कड्यावरून पायऱ्या उतरून आत जाता येतं. मुलांसोबत फॉर्मिका लेओपर्यंत जाऊन या, छोटासा लालसर-पिवळट शंकू आहे, दीड तासात निवांत होतं. पुढे शिखरावरच्या दोलोमियू विवराच्या काठापर्यंतची चाल जाऊन-येऊन पाच तासांची आहे, सावली शून्य, पाणी शून्य, खाली घट्ट झालेला लाव्हा, त्यातला काही दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा गुळगुळीत तर काही असा टोकेरी की पडलात तर तळहात सोलून निघतील. वाट दगडांवरच्या पांढऱ्या खुणांवरून ओळखायची आणि धुकं आलं तर खुणेशिवाय एक पाऊल पुढे टाकायचं नाही, सगळीकडे काळंच काळं दिसतं तिथे. एप्रिल 2007 मध्ये मोठा उद्रेक झाला तेव्हा या विवराचा तळ सुमारे 300 मीटर खाली खचला. काठावर उभं राहून ते बघायला मजा येते पण दहा वर्षांच्या मुलासाठी मी आग्रह करणार नाही.

उद्रेक सुरू झाला किंवा होण्याची चिन्हं दिसली तर आंक्लो बंद करतात. तेव्हा वाद घालून उपयोग नाही, कड्यावरून किंवा खालच्या रस्त्यावरून बघायला मिळतं ते बघायचं, आणि खरं सांगायचं तर ते आत जाण्यापेक्षा भारी असतं. आदल्या संध्याकाळी बंद आहे का उघडं ते नक्की तपासा. आणि हो, कपडे. उष्ण कटिबंधातलं बेट म्हणून लोक चड्ड्या-टीशर्ट घेऊन येतात आणि जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, वर पहाटे शून्याजवळ तापमान असतं. जॅकेट, कानटोपी, चांगल्या पकडीचे बूट, एवढं पाहिजेच.

दुपारी तोच ज्वालामुखी खालून बघा, म्हणजे आग्नेय किनाऱ्याचा ग्रां ब्रूले भाग. इथे लाव्हा डोंगरावरून थेट समुद्रात उतरलेला आहे आणि हायवे त्याच्यावरूनच जातो, जुन्या प्रवाहांवर जंगल परत आलंय आणि नव्यांवर अजून नुसती दगडफूल आणि नेचे. 2007 च्या लाव्हाने हा रस्ता तोडला होता आणि त्रांब्ले गावाजवळ नवा बीचच तयार केला, काळी वाळू आणि त्यात ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवे कण चमकतात. वाळूत बसून हिरवे कण शोधण्यात मुलांचा तास जाईल. समुद्रात मात्र उतरायचं नाही तिथे. थोडं उत्तरेला पितों सेंत-रोझचं चर्च, 1977 मध्ये लाव्हा कुंपणाबाहेर पडून गावात शिरला, चर्चला वेढा घातला आणि दारातच थांबला. चमत्कार म्हणा नाहीतर उतार म्हणा, बघण्यासारखं आहे. 2004 च्या प्रवाहातले लाव्हाचे बोगदेही इकडेच आहेत पण तिथे गाइड घेऊनच जा.

एक अवांतर, पण राहवत नाही. ज्या हॉटस्पॉटवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येत राहतो अशा जागेवर, हे बेट उभं आहे त्यानेच साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताची प्लेट उत्तरेला सरकत गेली, मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी रांग राहिली, आणि आता पाळी रियुनियनची. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ आणि हा अजून गरम असलेला कातळ एकाच चुलीवरचा. मुलांना हे जायच्या आधी सांगा, मग बघा कसे बघतात ते.

आता आतला भाग. पितों दे नेझ, 3071 मीटर, हा जुना ज्वालामुखी हजारो वर्षं झोपलेला आहे आणि त्याच्या भोवती खचून आणि झिजून तीन अवाढव्य खोलगट दऱ्या झाल्यात, सालाझी, सिलाओस आणि माफात. या सगळ्या कडे-सुळक्यांना 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तुमच्यासाठी मी सालाझी निवडेन. सिलाओसच्या रस्त्याला चारशेच्या वर वळणं आहेत आणि गाडी लागणारं एक जरी पोर असेल तरी दिवस गेला म्हणून समजा. सालाझी हिरवीगार, कड्यांवरून जिकडेतिकडे धबधबे, एल-बूर गाव सुंदर. ओलीही तितकीच हं, पूर्वेची बाजू वाऱ्याच्या तोंडावर आहे. फेब्रुवारी 2007 मध्ये गामेद वादळात ज्वालामुखीजवळच्या कोमर्सों विवरापाशी तीन दिवसांत 3900 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तो जागतिक विक्रम आहे, तेव्हा जानेवारी ते मार्च या काळात जाऊच नका. मे ते नोव्हेंबर बरा, त्यातही जुलै ते सप्टेंबर किनाऱ्यावरून हंपबॅक देवमासे दिसायची चांगली शक्यता असते.

माफात सोडू नका. तिथे गाडीरस्ताच नाही, वस्त्यांवर जायचं तर पायी नाहीतर हेलिकॉप्टरने, किराणासुद्धा वरूनच उतरतो. पळालेल्या गुलामांनी आसरा घेतलेली ही दरी. सालाझीकडून कोल दे बफपर्यंत गाडी नेऊन ठेवली की तिथून ला नुव्हेल वस्ती दोनेक तासांची चाल, नावात चिंच असूनही चिंच नसलेल्या 'तामारें' झाडांच्या जंगलातून, मुलं सहज करतील. जमलं तर सालाझीच्या दोनपैकी एक रात्र तिथल्या घरगुती निवासात काढा, पण ती आधीच बुक करावी लागते. चालायचंच नसेल तर बीचच्या मुक्कामातून एका पहाटे माइदोच्या कड्यावर जा, 2200 मीटरवरून आख्खी माफात पायाखाली दिसते. सातला पोचा. नऊला नाही.

बीचबद्दल थोडक्यात, कारण मॉरिशसनंतर इथला बीच तुम्हाला काही फार वेगळं देणार नाही. पोहायचं ते सँ-जिलजवळच्या लेर्मिताजच्या खडकाआडच्या लगूनमध्ये किंवा जाळी लावलेल्या जागीच. 2011 पासून शार्कचे हल्ले वाढले आणि 2013 मध्ये बाहेरच्या समुद्रात पोहण्यावर बंदी आली, पाट्या लावलेल्या असतात, त्या शोभेच्या नाहीत.

हेलिकॉप्टरने बेट वरून बघायचं का, असंही विचारलंय. महाग आहे, पण एकाच गोष्टीवर पैसे उडवायचे असतील तर इथे उडवा, त्रू द फेरसारखा धबधबा आतून दुसऱ्या कशाने दिसतच नाही. सकाळची पहिली फेरी मागा आणि ती सहलीच्या सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे हवामानामुळे रद्द झाली तर नंतर परत घेता येईल. गाडी मात्र हवीच, आणि इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, मॉरिशसमध्ये डावीकडून चालवून आलात की पहिला तास जरा जपून. भाड्याला गिअरच्याच गाड्या जास्त मिळतात, ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच सांगून ठेवा.