वाचक विचारतात : गावचा चित्रकार, गावचं वाचनालय

आमच्या तालुक्यातल्या एका दिवंगत चित्रकाराची तीसेक निसर्गचित्रं त्यांच्या घरच्यांनी वाचनालयाला पंधरा दिवसांसाठी देऊ केली आहेत. सगळी जलरंगातली आहेत. वाचनकक्षात भरपूर उजेड असतो, म्हणून तिथेच लावायचं ठरतंय. योग्य होईल ना?
– सचिव, सार्वजनिक वाचनालय, रत्नागिरी जिल्हा

नाही, आणि अडचण त्या उजेडाचीच आहे. जलरंगात रंगाचा थर अगदी पातळ असतो, वर वॉर्निशचं संरक्षण नसतं. उडालेला रंग परत येत नाही. आधी जातात ते काही तांबडे-गुलाबी. जांभळ्यातला गुलाबी गेला की संध्याकाळचं आभाळ नुसतं निळसर-राखाडी दिसू लागतं आणि बघणाऱ्याला वाटतं, चित्रकाराने तसंच रंगवलं असेल.

जलरंगांसाठी साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड पुरे मानतात. वाचायच्या टेबलावर तो ३०० च्या आसपास असतो. रोज आठ तास धरले तर ३०० लक्समध्ये पंधरा दिवसांत ३६,००० लक्स-तास होतात. ५० लक्समध्ये तेवढेच व्हायला नव्वद दिवस लागतील. म्हणजे तीन महिन्यांची झीज तुम्ही एका पंधरवड्यात करून मोकळे व्हाल.

तेव्हा सभागृह किंवा संदर्भ विभागातली आतली भिंत निवडा. ऊन भिंतीवर थेट येता कामा नये. सकाळी सावली असलेल्या भिंतीवर दुपारी ऊन येतं का, हे आदल्या आठवड्यात दिवसभरात तीनदा पाहून घ्या. खिडक्यांना जाड सुती पडदे लावा. चित्रांवरच्या ट्यूबलाइट काढून थोडे पिवळसर एलईडी दिवे बसवा आणि प्रेक्षक नसताना ते बंद ठेवा. लक्स मोजायला मोबाइलवरचं ॲप चालेल. आकडा अचूक नसतो, पण दोन भिंतींमधला फरक कळतो. ‘अंधार आहे’ अशी तक्रार येईलच. दारातून आत येणारी वाट मंद ठेवली की डोळे सरावतात आणि तक्रार निम्मी होते.

हेच प्रदर्शन गणपतीत ठेवलं तर? तेव्हा चाकरमानी गावात असतात.

नको. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर बुरशी धरते, आणि कोकणात श्रावण-भाद्रपदात ती याहून बरीच वर असते. चाकरमानी शिमग्यालाही येतात, तेव्हा ठेवा.

इमारत जांभ्याची, गिलावा चुन्याचा. खिळा ठोकला की ढलपा निघतो. चित्रं कशी टांगावीत?
– ग्रंथपाल, सिंधुदुर्ग

जुन्या चुन्यात प्लगही नीट धरत नाहीत. सगळ्यात बरं म्हणजे भिंतीपासून हातभर पुढे प्लायवूडचे उभे तक्ते. ८ बाय ४ फुटांचा तक्ता आडवा होऊ नये म्हणून पायथा रुंद हवा. तक्ता नको असेल तर दाराच्या उंचीच्या वर एक लाकडी पट्टी बसवा. पट्टीचे स्क्रू गिलावा ओलांडून आत दगडात जायला हवेत. पट्टीवरून दोऱ्या सोडून चित्रं टांगायची.

आधी वजन काढा. ३ मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेसात किलो भरतं. ५० बाय ६० सेंटिमीटरच्या चौकटीत नुसती काचच सव्वादोन किलो झाली. सुतळी वापरू नका. वेणीची नायलॉन दोरी घ्या. कड्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना, वरून एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे चित्र पुढे झुकत नाही.

उंची चित्राच्या मध्यावरून मोजा. मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर ठेवायचा. चौकट ६० सेंटिमीटर उंच असेल आणि ताणलेली दोरी वरच्या कडेच्या ८ सेंटिमीटर खाली येत असेल, तर हूक १४५ + ३० – ८ = १६७ वर. वरच्या कडा एका रेषेत आणायचा मोह होतो, पण लहानमोठ्या चौकटी तशा लावल्या की लहान चित्रं वर लटकल्यासारखी दिसतात.

भिंतीवरच लावणार असाल तर चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवा. मागून हवा खेळली की ओल धरत नाही. आणि हाताशी तीस चित्रं असली तरी सगळी लावू नका! अठरा-वीस नीट दिसली तर ती लोकांच्या लक्षात राहतील.

काही चित्रांना मागून चिकटपट्टी लावलेली आहे, खिडकीच्या पुठ्ठ्याची (चित्राभोवती मधोमध कापून लावतात त्या पुठ्ठ्याची) आतली कड तपकिरी झाली आहे. आमचा बाइंडर नवे पुठ्ठे लावून देतो म्हणतो.

पुठ्ठा कापायला बाइंडर उत्तम. चिकटवायचं काम मात्र त्याच्यावर सोपवू नका. पुस्तकबांधणीच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालतात, आणि त्यातलं तांबं कागद कुजवतं. इथे गव्हाच्या स्टार्चची साधी, ताजी खळ हवी.

तपकिरी कड ही आम्लयुक्त पुठ्ठ्याची खूण, तो बदलाच. नवा आम्लमुक्त घ्या. चित्र फक्त वरच्या कडेला, पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी अडकवा. चारही बाजूंनी चिकटवलं तर पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला सरकायला जागा नसते आणि मध्ये पोट येतं. जुनी चिकटपट्टी ओढू नका. कागदाचा थर तिच्याबरोबर येतो. ते काम कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाचं. कसर (कागद खाणारी कीड) दिसली तर चौकट उघडून मऊ ब्रशने झाडा, फवारा मारू नका.

चित्रांवर सालं नाहीत. फलकावर काय लिहावं?

साल चित्रावर किंवा मागे लिहिलेलं असेल तरच द्या. अंदाज असेल तर ‘सुमारे’. माप आधी उंची, मग रुंदी, आणि तेही चित्राचं, चौकटीचं नव्हे. शेवटी स्थळ. ते माहीत नसेल तर फलकाखाली वही ठेवा. नदीचं वळण आणि देवळाचा कळस पाहून म्हातारी माणसं जागा बरोबर ओळखतात, फक्त दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही टिपून ठेवा.

आमच्याकडे मूळ चित्रं नाहीत. आबालाल रहिमान आणि सा. ल. हळदणकर यांच्या चित्रांच्या छापील प्रती करून लावल्या तर हक्काचा (कॉपीराइटचा) प्रश्न येतो का?
– वाचक, कोल्हापूर जिल्हा

दोघांची उत्तरं वेगळी. भारतात चित्रकाराच्या मृत्यूचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. आबालाल १९३१ साली गेले. त्यांची मुदत केव्हाच संपली. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हक्कदारांची लेखी परवानगी हवी. चित्र विकत घेतलं म्हणून छापायचा हक्क मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या; संग्राहकाचा होकार पुरेसा नाही. (पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा नियम निराळा.) रत्नागिरीच्या सचिवांनीही शुभेच्छापत्रं छापायचा बेत असेल तर चित्रकाराच्या सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात, एकट्या थोरल्या मुलाची नव्हे.

प्रतीखाली ‘छापील प्रत’ असं ठळक लिहा. आणि कोल्हापूर जवळच आहे, तर सभासदांना टाउन हॉल संग्रहालयात आणि राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात घेऊन जा. कोटितीर्थाच्या काठी राहून आबालालांनी पाण्यावरचा उजेड कसा टिपला, ते छापील कागदावर अर्धंही उतरत नाही.