रात्रीची भरती खंय गेली?

हर्णैच्या बोटवाल्याची तक्रार वाचली. फोन २४ तासांच्या घड्याळावर आहे, तरी तुमचं भरती-ओहोटीचं ॲप दुपारच्या भरतीला नुसतं '१:०५' दाखवतं. भाषा मराठी म्हणजे १२ तासांचं घड्याळ असं धरून चालावं का, हा तुमचा प्रश्न. नाही. मराठी-भारत लोकेलचं (भाषा आणि देश यांच्या सेटिंगचं) नेहमीचं घड्याळ १२ तासांचंच आहे, पण तो झाला अंदाज. माणसाने सेटिंगमध्ये जाऊन स्वतः बदल केला असेल, तर त्याचंच ऐकायचं.

तुम्ही टाकलेल्या पॅटर्नमध्ये, म्हणजे वेळ कशी छापायची ते सांगणाऱ्या अक्षरांत, तासाला छोटा एच आहे आणि शेवटी एएम-पीएम छापणारा 'ए' नाही. छोटा एच १ ते १२ मोजतो, मोठा ० ते २३. त्यामुळे १३:०५ चं १:०५ झालं, आणि दुपार की रात्र हे सांगणारंही काही उरलं नाही. वाण्याचं दुकान उघडायची वेळ असती तर खपून गेलं असतं. भरतीत नाही खपत. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या, मध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणजे रात्रीची १२:४० आणि दुपारची १:०५. एकाखाली एक आल्या की एकच भरती चुकून दोनदा पडल्यासारखी दिसते. मी मालवणात पहिला तक्ता केला तेव्हा अशा 'दुबार' ओळी मीच उडवल्या होत्या! शेजारच्या काकांनी फोन बघून विचारलं, "रात्रीची भरती खंय गेली रे?"

अँड्रॉइडवर पॅटर्न हाताने लिहूच नका. सिस्टीमच्या डेटफॉरमॅटमधलं गेटटाइमफॉरमॅट वापरा, ते वापरकर्त्याची निवड पाळतं. स्वतःची मांडणी हवीच असेल तर आधी इज२४अवरफॉरमॅटला फोन २४ तासांवर आहे का ते विचारा, मग मोठा किंवा छोटा एच ठरवा. ॲप परत समोर आलं की हे पुन्हा विचारा, कारण लोक मधेच सेटिंग बदलून येतात. आयफोनवर टेम्प्लेटमध्ये 'जे' द्या, तास तोच ठरवतो.

वेबवर मात्र फोनचं २४ तासांचं सेटिंग पानापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. तिथे सरळ तुमचं स्वतःचं '१२ / २४' बटण ठेवा. २४ साठी जावास्क्रिप्टच्या वेळ-मांडणीत अवरसायकल हा पर्याय 'एच२३' द्या. त्याऐवजी अवर१२ हा पर्याय 'फॉल्स' केलात तर काही ठिकाणी मध्यरात्रीनंतरचे '२४:१०' दिसतात.

१२ तासांच्या मांडणीत एएम-पीएम चालेल. 'म.पू.' आणि 'म.उ.' (मध्यान्हपूर्व, मध्यान्होत्तर) नको, धक्क्यावर कोण बोलतं तसं? मी 'रात्री', 'पहाटे', 'दुपारी' लिहितो. फक्त 'रात्री १२:४०' पुढे तारीख आणि वार घाला. शनिवारी संध्याकाळी कुणी 'आज रात्री १२:४०' म्हणालं, तर कॅलेंडरवर तो रविवार असतो.

डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेत) राहू दे, साडेपाच तास दाखवताना मिळवा. आणि अपडेट सोडण्याआधी ००:१० आणि १२:१० या दोन वेळा दोन्ही सेटिंगमध्ये डोळ्यांनी बघा. माझ्या बहुतेक चुका तिथेच सापडल्या.