लाकडी विमानाचं लाकूड दिसू देऊ नका

मागच्या अंकात माझ्या कामाच्या टेबलाचा फोटो छापून आला. टेबलावर दुसऱ्या महायुद्धातल्या डी हॅविलंड मॉस्किटो या लाकडी विमानाचं १:२४ मापाचं अर्धवट मॉडेल होतं. त्यावर बरीच पत्रं आली. मी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत ३६ वर्षं लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठीचे नमुने, केले. हे विमान मी त्याच हातांनी करतोय आणि उत्तरंही त्याच कामातून देतोय.

नाशिकहून एक वाचक : मी बाल्सा या हलक्या लाकडाचं मॉस्किटो पूर्ण केलंय. मूळ विमान लाकडीच होतं, तर रंग न देता व्हार्निश मारून लाकडाच्या रेषा दाखवल्या तर चालेल का? घरच्यांना तसंच आवडतंय.

घरच्यांचं मन मोडायला मला आवडणार नाही, पण मॉस्किटो म्हणून दाखवायचं असेल तर नको. खऱ्या मॉस्किटोचं लाकूड बाहेरून कुठेच दिसत नसे. बर्च प्लायवर मडापोलम नावाचं तलम सुती कापड डोपने, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या लॅकरने, चिकटवलेलं असे आणि त्यावर रंग. कापड कशाला? सांधे झाकले जावेत, पाणी आत शिरू नये आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत व्हावा म्हणून. या विमानाच्या बॉम्बफेकी प्रकारावर एकही बंदूक नव्हती. ताशी ६०० किलोमीटरच्या वर जाणारा वेग हेच त्याचं संरक्षण, आणि त्या वेगात गुळगुळीत अंगाचा मोठा वाटा होता.

त्या कापडाबद्दल तुम्हाला, नाशिककरांना, मुद्दाम सांगतो. मडापोलम हे आंध्रातल्या नरसापूरजवळच्या एका गावाचं नाव. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती, त्यावरून कापडाला नाव पडलं. नरसापूर गोदावरीच्या मुखाजवळ आहे. तुमच्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या गावाचं नाव इंग्लंडमधल्या विमानाच्या अंगावर चढलं. हे कळलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती.

आणखी एक कारण आहे. बाल्साची रेषा एक मिलिमीटर रुंद धरा. ती २४ पट मोठी केली की अडीच सेंटिमीटर होते. एवढ्या जाड रेषांचं लाकूड कुठल्याच विमानाला नसतं. म्हणून सँडिंग सीलरचे तीन हात द्या, प्रत्येक हातानंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. मग पतंगाचा पातळ कागद पातळ डोपने चिकटवा, वर पुन्हा सीलर, शेवटी ८०० नंबर पाण्यातून. डोळे मिटून बोट फिरवा. लाकूड कुठे आहे ते बोटाला कळलं नाही की रंगाला बसा.

इचलकरंजीहून एक वाचक : माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. फोटोत तुमच्या विमानाचं धड पोकळ दिसतंय. ते कोरून काढलं की पट्ट्या जोडून? खऱ्या विमानात कसं करत?

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण हे विमान तुमच्या व्यवसायातल्या लोकांनीच उभं केलं. युद्धात ॲल्युमिनियमची आणि धातूकामाच्या कारागिरांची ओढाताण होती. सुतार आणि फर्निचरवाले मात्र मोकळे होते. हाय विकम या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातल्या वर्कशॉपांत मॉस्किटोचे भाग बनले. इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मिळून एकूण ७,७८१ विमानं झाली.

धड दोन उभ्या भागांत, डावा आणि उजवा, असं बनत असे. प्रत्येक अर्ध्या भागासाठी महोगनीचा किंवा काँक्रीटचा साचा. साच्यावर आधी बर्च प्लायचा थर, मग एक्वादोरहून आलेल्या बाल्साचा, वर पुन्हा बर्च प्लाय. पोलादी पट्ट्यांनी सगळं साच्यावर आवळून ठेवायचं आणि गोंद धरेपर्यंत थांबायचं. भिंत साधारण अर्ध्या इंचाची, तरी आत धातूचा सांगाडा नाही. हलका बाल्सा दोन्ही प्लायना एकमेकांपासून लांब धरतो, त्यामुळे भिंत दबत नाही, वाकत नाही. तुम्ही फ्लश डोअर करताना हेच तत्त्व वापरता.

मी हेच लहान मापात केलं. साच्याला शिवण घेतलं, कारण ते वाळल्यावर हलत नाही. पॅटर्न शॉपची जुनी रीत आहे : दोन ठोकळ्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून ते सरसाने चिकटवायचे. मग अख्खा आकार एकत्र तासायचा, दर दोन इंचांवर पत्र्याच्या टेम्प्लेटने तपासायचा. शेवटी कागदाच्या रेषेवर पटाशी ठेवून हलका ठोका दिला की ठोकळा बरोबर मधोमध उघडतो आणि दोन तंतोतंत अर्धे हातात येतात. साचा मूळ मापापेक्षा सगळीकडून भिंतीच्या जाडीइतका बारीक करायचा हे विसरू नका. माझी भिंत ०.४ मिलिमीटर प्लाय, १.५ बाल्सा, पुन्हा ०.४ प्लाय अशी २.३ मिलिमीटरची आहे.

साच्यावर मेण घासा, वर पातळ प्लास्टिक ताणा. मधल्या भागात प्लायचा रुंद तुकडा ओला करून वळतो. नाकाशी आणि शेपटीकडे पृष्ठभाग दोन दिशांनी वळतो, तिथे आठ-आठ मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. खालच्या थराच्या फटीवर वरच्या थराची फट येऊ देऊ नका. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांसारखं दुसरं काही नाही. त्या सगळीकडे सारखा दाब देतात. पूर्ण एक दिवस हात लावू नका.

मापाचा एक हिशेब मात्र सांभाळायचा. खरी अर्ध्या इंचाची भिंत आपल्या मापात जेमतेम अर्धा मिलिमीटर होते. २.३ ची भिंत बंद धडात कुणाला दिसत नाही, पण कॉकपिटच्या काठाला आणि उघड्या दाराच्या चौकटीत लगेच डोळ्यात भरते. तेवढ्या जागी आतून कानशीने उतार देऊन कडा अर्ध्या मिलिमीटरवर आणा. मॉडेल पाहणारा पहिल्यांदा तिथेच डोकावतो.

दोन अर्धे उघडे असतानाच आतलं सगळं काम उरकून घ्या. खऱ्या कारखान्यातही तसंच होतं : केबल, नळ्या, कंट्रोल उघड्या अर्ध्यांमध्ये उभं राहून आरामात बसवायचे आणि मग धड मिटायचं. वैमानिक डावीकडे, नॅव्हिगेटर उजवीकडे थोडा मागे सरकून. दोघांचे खांदे जवळजवळ लागायचे. मिटण्याआधी डॉवेल, म्हणजे लाकडी खुंट्या, घाला, नाहीतर गोंदावर अर्धा सरकतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसंध होता, १६.५१ मीटरचा. आपल्या मापात ६८८ मिलिमीटर. धडाच्या पोटात खाच ठेवून तो बसवतात. तुम्हीही पंख दोन तुकड्यांत करू नका; सरळ रेषा पुन्हा मिळत नाही.

चिपळूणहून एक वाचक : दोन पावसाळ्यांत माझे दोन पंख पिळवटले. फेविकॉल बदलून पाहिलं. कोकणात लाकडी मॉडेल करूच नये का?

करावं. दोष गोंदाचा कमी आणि क्रमाचा जास्त असावा, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. तुम्ही लिहिलंय की पंखाची वरची बाजू शनिवारी आणि खालची पुढच्या आठवड्यात मढवली. त्या आठ दिवसांत उघडी बाजू हवेतलं पाणी पीत राहिली आणि मढवलेली बाजू तशीच राहिली, म्हणून पंख वळला. माझाही असाच एक पंख एका जुलैत गेला. पंखाची सगळी लाकडं आठ महिने जपून वाळवली होती. रात्री झोपताना एका बाजूला डोप दिला, दुसरी बाजू सकाळी करू म्हटलं. सकाळी पंख टेबलावर दोन टोकांवर उभा होता. तेव्हापासून दोन्ही बाजू एकाच बैठकीत करतो आणि सुकताना पंख सपाट काचेवर वजनाखाली ठेवतो, खाली-वर हवा जाईल अशा काड्यांवर. लाकूड कामाआधी आठवडाभर त्याच खोलीत उघडं ठेवा. पावसाळ्यात तासकाम करा. चिकटवणं आणि मढवणं दिवाळीनंतर.

तुमच्या अडचणीला मोठा इतिहास आहे. मॉस्किटोच्या सुरुवातीच्या विमानांना केसीनचा, म्हणजे दुधापासून केलेला गोंद होता. दमट हवेत तो कमजोर पडतो, त्याला बुरशी लागते. पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइडचे गोंद आले. तरी १९४४ साली भारतातल्या तळांवरच्या मॉस्किटोंचे पंख हवेत तुटून माणसं गेली आणि वर्षाच्या अखेरीस ती विमानं जमिनीवर आणावी लागली. कंपनीच्या वतीने हेअरवर्ड डी हॅविलंड तपासाला आले. त्यांचं म्हणणं पडलं की गोंद खराब झालेला नाही, पावसाळी हवामानात लाकूड आकसल्यामुळे सांधे सुटले. नंतरच्या चौकशीत वेगळं निघालं : कारखान्यातच सांधे नीट जुळवलेले नव्हते. उपाय म्हणून पंखाच्या मुख्य तुळईवरचा वरच्या कातडीचा सांधा प्लायच्या एका लांब पट्टीने झाकून बंद केला.

मी हे वाचलं तेव्हा पॅटर्न शॉपमधले माझे उस्ताद आठवले. ते सांध्याला गोंद लावण्याआधी कोरडा सांधा खिडकीसमोर धरायचे. फटीतून उजेड दिसला तर परत रंध्यावर पाठवायचे. गोंद फट भरायला नसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. तुम्हीही तिसऱ्या पंखाचा प्रत्येक सांधा आधी उजेडात धरा.

भारतातलं विमान करणार असाल तर रंगही वेगळा. उन्हाची झळ परतवावी म्हणून १९४५ च्या सुमारास इथल्या मॉस्किटोंना चंदेरी रंग देत. ब्रिटिश हवाई दलाच्या गोल चिन्हातला लाल काढून गडद आणि फिका असे दोन निळेच ठेवले होते, कारण लाल गोळा जपानी विमानाचा वाटला असता. पंखाच्या सांध्यावरची ती प्लायची पट्टी मी माझ्या मॉडेलवर कागदाची लावलीय. रंगाखाली बोटाला किंचित लागते.

ठाण्याहून एक वाचक : माझ्याकडे प्लास्टिकचा जुना किट आहे. त्यावर रिव्हेट आणि पॅनलच्या खोल रेषा आहेत. त्यात शाई सोडून त्या उठावदार कराव्यात का?

उलट करा. लाकडी अंगावर रिव्हेट कुठून येणार? धडावरच्या आणि पंखावरच्या रेषा पुट्टीने भरून घासून टाका. इंजिनांची झाकणं, बंदुकांची झाकणं, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पाती) हे धातूचे, तिथल्या रेषा ठेवा. शेपटीचा रडर, म्हणजे दिशा वळवणारं उभं पातं, कापडाने मढवलेला असे, तिथे फासळ्यांचा अगदी सौम्य उठाव हवा.

किटचे दोन अर्धे जिथे जुळतात ती रेष मात्र खऱ्या विमानाच्याच सांध्याची आहे. तरी ती बुजवा, कारण खरी कापडाखाली जात असे. आणखी एक खूण : धडाच्या मागच्या भागात फक्त उजव्या बाजूला, दाराच्या वर, मजबुतीसाठी एक लांब आडवी पट्टी होती. डावीकडे नाही. कुणी दोन्हीकडे लावतं, कुणी विसरतं. शिवाय बॉम्बफेकी प्रकाराला काचेचं नाक आणि पोटातून दार. लढाऊ प्रकाराला बंद नाक, सपाट समोरची काच आणि उजव्या कुशीत दार. एका प्रकाराचं नाक आणि दुसऱ्याचं दार असं होऊ देऊ नका.

धुळ्याहून इयत्ता नववीतला एक वाचक : काका, दोन्ही इंजिनांचे पंखे एकमेकांच्या उलट फिरतात का?

नाही रे. दोन्ही मर्लिन इंजिनं एकाच दिशेने फिरत, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. त्यामुळे उड्डाण घेताना विमान डावीकडे ओढलं जाई आणि वैमानिक डाव्या इंजिनाचा जोर थोडा आधी वाढवत असे. दोन्ही पंख्यांची पाती एकाच बाजूला पिळलेली घे. चाकांच्या पायांत एक गंमत आहे, तीही बघून ठेव : तेलाच्या शॉक ॲब्सॉर्बरऐवजी आत रबराचे ठोकळे एकावर एक रचलेले होते. तू खोडरबराचे तुकडे कापून तसाच पाय करून बघ, दाबला की खरंच बसतो. पाती दाखवायची असतील तर फोटो पाठव, मी बघतो.

पणजीहून एक वाचक : माळ्यावरून पडून माझं मॉस्किटो पंखाच्या मागे तडकलं. चार वर्षांचं काम आहे. नवीन करावं का?

पहिल्या मॉस्किटोलाही तिथेच तडा गेला होता. डब्ल्यू४०५० हे ते विमान. लंडनच्या उत्तरेला सॉल्सबरी हॉल नावाच्या, भोवती खंदक असलेल्या जुन्या वाड्यात ते गुपचूप तयार केलं आणि २५ नोव्हेंबर १९४० ला जेफ्री डी हॅविलंड धाकटे यांनी हॅटफिल्डहून पहिल्यांदा उडवलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये बॉस्कम डाउनच्या खडबडीत मैदानावर मागचं चाक अडकलं आणि धड तडकलं. दुसऱ्या विमानासाठी तयार असलेलं धड त्याला जोडलं आणि ते पुन्हा उडालं. आज ते त्याच सॉल्सबरी हॉलच्या संग्रहालयात आहे.

म्हणून तुमचं विमान टाकून देऊ नका. तड्याच्या दोन्ही बाजूंचं लाकूड भक्कम लागेपर्यंत कापा. कडा सरळ कापू नका, लांब तिरकस तासा. २ मिलिमीटर जाडीला निदान २० मिलिमीटरचा उतार. नवीन तुकड्यालाही तेवढाच उलटा उतार द्या, आतून प्लायची पट्टी घ्या, आणि कोरडं जुळवून आधी खिडकीसमोर धरा.