डिजिटल स्कॅनर घ्यायचाय? आधी टॉवरचं बघा

प्रश्न : आमच्या भागातल्या अग्निशमन दलाचं आणि रुग्णवाहिकांचं वायरलेसवरचं बोलणं मी बरीच वर्षं साध्या अ‍ॅनालॉग स्कॅनरवर ऐकत आलो. आता त्यांनी डिजिटल यंत्रणा बसवली आणि माझ्या स्कॅनरवर नुसती घरघर येते. यंत्रणा ७००-८०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातली ‘पी२५ फेज २’ आहे, एवढं कळलं. ओळखीतले एक जण ‘पी२५’ असं लिहिलेला जुना स्कॅनर देतायत. घेऊ का? आणि त्यावर पोलिसांचं ऐकू येईल का?

उत्तर : तो घेऊ नका. ‘पी२५’ ही अशा दलांच्या डिजिटल रेडिओची पद्धत, आणि फेज १ व फेज २ या तिच्या जुन्या-नव्या आवृत्त्या. नुसतं ‘पी२५’ लिहिलेला जुना स्कॅनर बहुधा फेज १ चा असतो, आणि दोष कुठे आहे हेच कळू नये अशा पद्धतीने तो तुम्हाला चकवेल. अशा यंत्रणेत एक कंट्रोल चॅनेल सतत चालू असतो. कुठल्या गटाने आत्ता कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं ते तो सांगतो. आवाज फेज २ मध्ये गेला तरी हा चॅनेल फेज १ च्याच पद्धतीचा असतो. त्यामुळे जुना स्कॅनर तो बिनतक्रार वाचतो. सिग्नलच्या दांड्या भरलेल्या, पडद्यावर टॉकग्रुपचे (बोलणाऱ्या गटांचे) नंबर येतायत-जातायत, आणि आवाजाचा पत्ता नाही. फेज २ मध्ये १२.५ किलोहर्ट्‌झच्या एकाच चॅनेलवर दोन संभाषणं आळीपाळीने चालतात, ती वेगळी करायची सोय त्या यंत्रात नसतेच. माझ्याकडे ‘बिघडला’ म्हणून असे स्कॅनर दुरुस्तीला येतात. उघडून पाहावं तर आत सगळं ठणठणीत!

म्हणजे फेज २ चा कुठलाही स्कॅनर चालेल का? इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोठ्या भागासाठी अनेक ठिकाणी एकच फ्रिक्वेन्सी बऱ्याच टॉवरवरून एकाच वेळी, घड्याळं काटेकोर जुळवून पाठवतात. याला सायमलकास्ट म्हणतात. समजा एक टॉवर तुमच्यापासून ३ किलोमीटरवर आहे आणि दुसरा १२ वर. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते, म्हणजे तोच मजकूर दुसऱ्या टॉवरवरून ३० मायक्रोसेकंद उशिरा येतो. फेज २ मध्ये सेकंदाला ६००० चिन्हं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, जातात. एकाच्या वाट्याला १६७ मायक्रोसेकंदही येत नाहीत, म्हणून ३० चा उशीरही एकेका चिन्हात गोंधळ करायला पुरतो. दोन्ही टॉवरचा जोर सारखाच असेल तर लहरी कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे खाऊन टाकतात. मोठ्या सभेत लांबचा आणि जवळचा कर्णा एकदम कानावर पडला की शब्द कळेनासे होतात, तसंच.

दलाचे वॉकीटॉकी हे सोसतात, कारण ते त्यासाठीच बनवलेले असतात. साधा स्कॅनर फक्त फ्रिक्वेन्सी किती हलली ते मोजतो. सायमलकास्टमध्ये माहिती लहरीच्या फेजमध्ये (इथे आवृत्ती नव्हे, तर लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) भरलेली असते, लहरीची उंचीही बदलत असते, आणि साध्या स्कॅनरच्या मोजमापात हा भाग गळून जातो. मग शब्द तुटतात, मधूनच किर्र आवाज येतो. लोकांना वाटतं सिग्नल कमी पडतोय, म्हणून ते मोठी अँटेना लावतात. तिच्यावर आणखी दोन टॉवर येतात आणि बोलणं जास्तच बिघडतं.

तेव्हा तुमच्या यंत्रणेच्या माहितीत ‘सायमलकास्ट’ हा शब्द आहे का ते आधी बघा. असेल तर माझं मत स्पष्ट आहे : युनिडेनचा एसडीएस१०० (हातातला, २०१८ पासून) किंवा एसडीएस२०० (टेबलावरचा). हे लहरीची फेज आणि उंची दोन्ही टिपतात. फक्त पी२५ च ऐकायचं असेल तर युनिकेशनचा जी४ पेजरही सायमलकास्ट छान सांभाळतो. तो ७००-८०० च्याच पट्ट्यात चालतो आणि त्याची मांडणी संगणकावरून करावी लागते. सायमलकास्ट नसेल, एकच टॉवर असेल, तर युनिडेनचा बीसीडी४३६एचपी किंवा व्हिसलरचा टीआरएक्स-१ पुरे. जास्त खर्च कशाला? एक लक्षात ठेवा, युनिडेनवर डीएमआर आणि एनएक्सडीएन या दुसऱ्या डिजिटल पद्धतींसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

साधा स्कॅनर आधीच घेऊन बसलेल्यांनी एक करून बघावं. ८०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ३७ सेंटिमीटर लांब असते, म्हणून स्कॅनर खिडकीत ठेवून वीतभर इकडे-तिकडे सरकवा. एका जागी शब्द फुटतात, शेजारीच स्वच्छ येतात. एकाच टॉवरकडे तोंड केलेली यागी (एकाच दिशेचं नीट पकडणारी) अँटेनाही बरंच काम करते.

आता पोलिसांचं. त्यांचं बोलणं कूटबद्ध असेल तर बाजारातला कुठलाही स्कॅनर ते उलगडणार नाही. विक्रेता ‘होईल’ म्हणाला तर तिथून उठा. अनेक ठिकाणी अग्निशमन आणि रुग्णवाहिका उघड्या असतात आणि पोलीस बंद, पण तुमच्याकडे काय आहे हे घेण्याआधीच कळायला हवं. त्यासाठी आरटीएल-एसडीआर हा रेडिओ पकडणारा छोटा यूएसबी डोंगल आणि एसडीआरट्रंक हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर चालवा. कुठला गट उघडा आणि कुठला कूटबद्ध, ते समोर दिसतं. चॅनेलच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून लांब असतील तर दोन डोंगल लागतील. आठवडाभर बघा आणि मगच पैसे काढा. उघडे गट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले तर डोंगलवरच भागवा, असं मी सांगेन.

कायद्याचंही विचारून घ्या. अमेरिकेत उघडं बोलणं ऐकायला सर्वसाधारणपणे मनाई नाही, पण गाडीत स्कॅनर ठेवण्यावर काही राज्यांत निर्बंध आहेत. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेलं बोलणं मुद्दाम ऐकणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. भारतात स्कॅनरसारखं यंत्र जवळ बाळगण्यापासूनच परवानगीचा प्रश्न येतो.

प्रश्न : मोबाइलच्या अ‍ॅपवर हेच फुकट ऐकू येतं. मग स्कॅनर हवाच कशाला?

उत्तर : अ‍ॅपवर येतं ते कुणीतरी आपल्या घरच्या स्कॅनरवरून इंटरनेटवर सोडलेलं असतं. त्याने बंद केलं की संपलं. शिवाय ते काही सेकंदांपासून मिनिट-दोन मिनिटं उशिरा पोचतं, आणि एका स्कॅनरवर अनेक गट असतील तर दोघे एकदम बोलताना एकाचं राहून जातं. कधीमधी कुतूहल म्हणून ऐकणाऱ्याला अ‍ॅप पुरतं. वणव्याच्या किंवा पुराच्या भागात राहत असाल तर मात्र स्वतःचा स्कॅनर आणि भरलेल्या जादा बॅटऱ्या घरात ठेवा. अशा वेळी वीज आणि मोबाइलचं नेटवर्क आधी जातं. दलाच्या टॉवरला सहसा जनरेटर असतो.