स्फटिकांवरचा पांढरा थर आणि तांबूस डाग घरातल्या अ‍ॅसिडने काढता येतात का? टॉयलेट क्लीनर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की क्वार्ट्झच्या गुच्छावर पांढरा कडक थर आहे, फटींमध्ये पिवळट-तांबूस डाग आहेत आणि शेजारच्या दुसऱ्या नमुन्यावर मोत्यासारखी चमक असलेले पत्रीदार स्फटिक आहेत. तिन्हींवर टॉयलेट क्लीनर ओतायचा विचार आहे. ओतू नका. पहिला थर बहुधा कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या जातीचा, डाग लोहाचे, आणि ते पत्रीदार स्फटिक झिओलाइट (रचनेतच पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचा गट) असण्याची दाट शक्यता आहे. तिघांचा इलाज वेगळा आहे, आणि पहिल्या दोघांचा क्रम चुकला तर जुना डाग जाऊन त्याजागी नवा, जास्त चिवट डाग बसतो.

अ‍ॅसिड किती जोरदार आहे हा प्रश्न इथे दुय्यम आहे. त्या अ‍ॅसिडने मळ खाल्ला पाहिजे आणि नमुना खाता कामा नये, एवढंच बघायचं. त्यामुळे आधी ओळख पटवा. थराच्या आडबाजूला स्टीलच्या सुईने ओरखडा काढा. कॅल्साइटवर सहज उमटतो, क्वार्ट्झवर उमटत नाही. मग तिथली चिमूटभर पूड खरवडून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका आणि दहापट भिंगातून बघा. अखंड स्फटिकावर बुडबुडे इतके बारीक येतात की नजरेतून सुटतात. पुडीवर मात्र लगेच फेसाळतं. काहीच झालं नाही तर तो थर कॅल्सेडनी (अतिसूक्ष्म दाण्यांचं क्वार्ट्झ), जिप्सम, झिओलाइट किंवा नुसती वाळलेली चिकणमाती असू शकतो. मग घरातल्या अ‍ॅसिडने तो निघणार नाही, उलट नमुना मात्र बिघडेल.

अजून एक विचार करा. तो 'थर' जर नीट घडलेल्या कॅल्साइट स्फटिकांचा असेल तर तो मळ नव्हेच. क्वार्ट्झवर कॅल्साइट असलेला नमुना बरेचदा नुसत्या क्वार्ट्झपेक्षा देखणा असतो, आणि विरघळवलेलं परत आणता येत नाही.

क्वार्ट्झ, अ‍ॅमेथिस्ट, अगेट, टूर्मलीन, बेरिल, पुष्कराज, बराइट ही मंडळी घरगुती अ‍ॅसिडला दाद देत नाहीत. (लाल जास्परसारख्या लोहाने रंगलेल्या दगडाचा पृष्ठभाग मात्र ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये फिका पडू शकतो.) कॅल्साइट, अ‍ॅरागोनाइट, मॅलेकाइट, अ‍ॅझुराइट, ऱ्होडोक्रोसाइट, स्मिथसोनाइट, सेरुसाइट, अ‍ॅपेटाइट यांना अ‍ॅसिडपासून लांबच ठेवा; मॅलेकाइट व्हिनेगरमध्येही खराब होतं. हॅलाइट साध्या पाण्यातच विरघळतं. गॅलेना (शिशाचं खनिज) आणि स्फॅलेराइट (जस्ताचं) हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टाकले तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा तो वास विषारी वायूचा असतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला तो वास येणंच बंद होतं.

अ‍ॅसिडच्या आधी पाणी, द्रव साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश. निम्मा मळ इथेच जातो. यानंतर नमुना रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. कोरडा दगड अ‍ॅसिड आत ओढून घेतो आणि मग ते धुऊन काढायला आठवडे लागतात. भेगा आधीच पाण्याने भरलेल्या असल्या तर अ‍ॅसिड बऱ्याच अंशी वरच राहतं.

आता पांढरा थर. साधं व्हिनेगर म्हणजे साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. कागदावरच्या हिशेबाने १ लिटर व्हिनेगर सुमारे ४० ग्रॅम कॅल्साइट विरघळवतं, मग त्याचा दम संपतो. म्हणून बुडबुडे थांबले याचा अर्थ थर संपला असा धरू नका. व्हिनेगर बदला, पुन्हा फेस आला तर काम बाकी आहे. गंमत बघा: ३० टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिकचे १०० मिलि घेऊन ९०० मिलि पाण्यात पातळ केले, तर त्या लिटरभराने जाईल सुमारे ४७ ग्रॅम कॅल्साइट. म्हणजे एकूण काम जवळपास सारखंच, फरक वेगाचा. दिवसाचं काम मिनिटांत होतं, पण चूकही तेवढ्याच मिनिटांत होते. थर नखाएवढा जाड नसेल तर मी व्हिनेगरच सुचवेन. रोज बाहेर काढा, ब्रश मारा, भिंगातून बघा.

सायट्रिक अ‍ॅसिड (लिंबूसत्त्व) लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात पातळ थरासाठी चांगलं, वासही नाही. जाड थरावर मात्र ते अडचण करतं. त्यातून तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फार कमी विरघळतं आणि पिठासारखं स्फटिकांच्या बेचक्यांत बसतं. तसं दिसलं तर द्रावण लगेच बदला आणि ओलं असतानाच ब्रशने काढा. वाळलं की चिकटतं.

हायड्रोक्लोरिक वापरायचंच असेल तर फक्त क्वार्ट्झसारख्या टणक नमुन्यावर, उघड्यावर, वरच्या १:९ प्रमाणात. आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड हळूहळू. उलट कधीच नाही. भांडं पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिनचं, तळावर २ किंवा ५ आकडा असलेलं, आणि एकतृतीयांशच भरलेलं, कारण फेस चढतो. झाकण नुसतं ठेवा, घट्ट लावू नका. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने ते उडतं. हायड्रोक्लोरिकच्या वाफांनी जवळपासची लोखंडी हत्यारं, कड्या, सायकल सगळं गंजतं.

टॉयलेट क्लीनरबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय म्हणून सांगतो. त्यातल्या हायड्रोक्लोरिकवाल्यांत रंग, साबण आणि घट्ट करणारे पदार्थ घातलेले असतात. ते सच्छिद्र भागात अडकतात आणि धुतलं तरी निळसर झाक राहते. शिवाय काही टॉयलेट क्लीनर ब्लीचचे असतात. ब्लीच आणि कुठलंही अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, व्हिनेगरनेसुद्धा. गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. लेबलवर 'फ्लोराइड' अक्षरं दिसली की बाटली परत ठेवा. हे अ‍ॅसिड कातडीतून आत हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. बॅटरीचं किंवा नाल्या मोकळ्या करायचं सल्फ्युरिकही नको. नमुन्यात फ्लोराइट असेल तर त्यातून हायड्रोफ्लोरिकच तयार होतं.

तांबूस डागांवर हायड्रोक्लोरिक का नको? ते लोह विरघळवतं खरं, पण तयार झालेलं फेरिक क्लोराइड क्वार्ट्झच्या भेगांत शिरतं आणि धुताना तिथेच पिवळ्या गंजाच्या रूपात पुन्हा बसतं. बाहेर काढताना चकचकीत दिसलेला गुच्छ वाळल्यावर लिंबाच्या रंगाचा होतो, तो यामुळे.

लोहासाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. लाकडाचे डाग काढायला पूड मिळते ती हीच. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम पुरे. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचंच, आणि कॅल्साइट आधी पूर्ण गेलेलं असलं पाहिजे. कारण ऑक्झॅलिक आणि कॅल्शियम भेटले की कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं. ते पाण्यात जवळजवळ अजिबात विरघळत नाही आणि सगळ्या गुच्छावर पांढुरकी साय धरतं. जड पाण्यातला चुनाही त्याला पुरतो. म्हणून क्रम असा: आधी व्हिनेगरने कॅल्साइट, मग दोन-तीन दिवस पाण्यात धुणं, मग ऑक्झॅलिक. साय बसलीच तर पातळ हायड्रोक्लोरिकने निघते, पण ते निस्तरण्यापेक्षा क्रम पाळणं सोपं.

ऑक्झॅलिकचं भांडं अंधारात, अपारदर्शक झाकणाखाली ठेवा. लोह विरघळतं तसं द्रावण पिवळसर हिरवं होत जातं. त्यावर उजेड पडला की त्यातलं संयुग फुटतं आणि फेरस ऑक्झॅलेटची पिवळी पूड नमुन्यावर साचते. रंग गडद हिरवट झाला की द्रावण बदला. दोन-तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात. कोमट द्रावण वेगाने काम करतं, पण स्वयंपाकघरात गरम करू नका आणि उकळू तर कुठेच नका. मँगनीजचे काळे डागही यातच फिके पडतात. पूड मोजताना मास्क लावा. काही ग्रॅम पोटात गेले तरी मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जाऊ शकतो. तो डबा स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवायचा नाही, पांढरी पूड कुणीही साखर समजेल.

आता तुमचे ते पत्रीदार स्फटिक. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांच्या रचनेतच कॅल्शियम असतं. (अपोफिलाइट झिओलाइट नव्हे, पण राहतो त्यांच्याच सोबतीत.) हायड्रोक्लोरिकने चमक मरून पृष्ठभाग खडूसारखा होतो, नॅट्रोलाइट आणि स्कोलेसाइटच्या सुया तर चक्क जेलीसारख्या होतात. ऑक्झॅलिकने पांढरी साय येते. यांना साबणपाणी, मऊ ब्रश आणि संयम, बस. वर कॅल्साइटचा एखादा ठिपका नकोच असेल तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी कापसाच्या बोळ्याने फक्त तिथे लावा, दोन-तीन मिनिटांनी धुवा, बघा, मग पुन्हा.

धुण्याला अ‍ॅसिडमध्ये ठेवल्याएवढाच, शक्यतो जास्त वेळ द्या. ऑक्झॅलिकनंतर पहिली दोन पाणी डिस्टिल्ड घ्या, मग लिटरला २० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून एक रात्र, मग रोज पाणी बदलत राहा. नमुना चोवीस तास ताज्या पाण्यात ठेवून त्यात पीएच पट्टी (अ‍ॅसिड उरलंय का हे रंगावरून सांगणारी) बुडवा. नुसत्या पाण्याचा आणि त्याचा रंग सारखा आला की झालं. सुकवायचं सावलीत, कारण उन्हात काही अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंग उडतो. गरम दगड गार पाण्यात टाकू नका, क्वार्ट्झ तडकतं. पायराइट सोबत असेल तर पंख्याखाली अगदी कोरडं करा. आत ओल राहिली की ते महिन्यांनी फुटून पांढरी पूड होऊ लागतं.

हातमोजे नायट्राइलचे, डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला गॉगल. डोळ्यात थेंब गेलाच तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं डोळा धरा आणि लगेच डॉक्टरकडे. डोळ्यात सोडा घालायचा नाही.

उरलेलं द्रावण मोरीत ओतण्याआधी खाण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फेस थांबेपर्यंत. ताज्या १ लिटर व्हिनेगरला सुमारे ७० ग्रॅम लागतो, १:९ हायड्रोक्लोरिकला ८० ग्रॅम. ऑक्झॅलिकसाठी सोड्यापेक्षा विझवलेला चुना बरा: ६० ग्रॅमवाल्या लिटरला ३५ ते ४० ग्रॅम ढवळून घाला, रात्रभर ठेवा, खाली बसलेला पांढरा गाळ गाळून कचऱ्यात आणि वरचं पाणी मोरीत. द्रावणात तांब्याची किंवा शिशाची खनिजं पडली असतील तर मात्र ते मोरीत नको. लेबल लावून बंद ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.